वाणातली सात नंबरची डबी

जुईनगर,
बुधवार, २९ जानेवारी १९९७

होय विहीणबाई, मातीच आहे. आणि झाकणाची भोकं मीच पाडलीत, दाभण तापवून. तुमच्या कार्डातल्या दोन्ही प्रश्नांची उत्तरं झाली. तिसरा प्रश्न तुम्ही विचारलाच नाही, पण त्याचंच उत्तर सगळ्यात आधी द्यायला पाहिजे: डबी उघडू नका. हातात असेल तर खाली ठेवा. हळू. आपटायची नाही, उलटी करायची नाही, कानाशी नेऊन हलवायची तर मुळीच नाही. (तुम्ही हलवली असणार. तुम्ही नारळसुद्धा पाच मिनिटं हलवल्याशिवाय घेत नाही, मी बघितलंय.) फडताळात, पापडाच्या डब्यामागं, अंधाराला ठेवा, हात धुवा, पाटावर बसा आणि मग हे पत्र पुढं वाचा. व्याह्यांना आत्ताच वाचून दाखवू नका, त्यांना बीपी आहे.

ठेवली? बरं झालं. आता रीतीनं सुरुवात करते, नाहीतर म्हणाल राजाबाईला शाळेत पत्र लिहायला शिकवलं नाही. (शिकवलं होतं. सातवीत पत्रलेखनाला मला दहातले नऊ मार्क होते. एक मार्क मास्तरांनी कापला, कारण मामाला लिहायच्या पत्रात मी मास्तरांच्या दुपारच्या झोपेची हकिगत घातली होती.) तर उज्वलाताईंना राजाबाईचा मनापासून नमस्कार, व्याह्यांना डोक्यावर पदर घेऊन नमस्कार, आणि तुमच्या म्हशीला पाठीवर एक थाप. इथं आम्ही तिघंही धडधाकट आहोत. तुमची कंबर कशी आहे? कराडच्या गाडीत मागच्या सीटवर बसलात, आदळत गेला असणार. मी प्राचीला म्हटलं होतं, आईला पुढं बसव, पण तुम्हाला खिडकी पाहिजे होती. तुम्ही गेल्यापासनं घर रिकामं वाटतंय. चार दिवसांत तुमच्या घोरण्याची सवय झाली होती. आता मधेच जाग येते आणि वाटतं, सोसायटीचा पंप कुणी बंद केला.

एक सांगू? असलं काही कार्डावर लिहू नये. 'वाण म्हणून माती दिलीत काय?' हे तुमचं वाक्य पोस्टमननं वाचलं, वॉचमननं वाचलं, आणि समोरच्या नंदिनीबाईंनी तर जिना चढता चढता मोठ्यानं वाचत मला आणून दिलं. (त्यांचे मिस्टर सोसायटीचे सेक्रेटरी आहेत. त्यामुळं बिल्डिंगमधलं कुणाचंही टपाल आपलंच आहे असं त्या धरून चालतात.) नशीब माझं, प्राची तेव्हा कामावर गेली होती. तिनं ते कार्ड वाचलं असतं तर आज मी पत्र लिहीत बसले नसते, डोंगरावर डब्या रिकाम्या करत बसले असते. का, ते ऐका.

डबीत कोळी आहे.

(थांबते. तुमचं ओरडून झालं की पुढं वाचा.)

माळ्यावर जाळं करून लोंबकळतो तो भिकार कोळी नव्हे. हा जमिनीत बीळ करून राहणारा, अंगावर मखमलीसारखी लव असलेला, तपकिरी, ऐटबाज कोळी. आमच्या वरच्या मजल्यावर आशुतोष सर राहतात, कॉलेजात प्राणीशास्त्र शिकवतात. त्यांनी भिंग लावून बघितलं आणि म्हणाले, काकू, हा टॅरंटुला आहे, पण बुटक्या जातीचा. परदेशात म्हणे बशीएवढे टॅरंटुला असतात, हौशी लोक ते काचेच्या पेटीत पाळतात, त्यांची आपसात देवाणघेवाण करतात. आपला हा पाय पसरून बसला तरी चहाच्या कपात मावेल, आणि ह्याहून मोठा होणार नाही. मी म्हटलं, सर, सिडकोच्या दोन खोल्यांत बुटकाच बरा. आणि 'हा' म्हणू नका, 'ही' म्हणा. माझ्याकडं सगळ्या बायकाच आहेत. अकरा होत्या. त्यातली सात नंबर आत्ता तुमच्या पापडाच्या डब्यामागं बसलीय. डबीच्या बुडाला स्केचपेननं सात आकडा काढलाय तो बघा. नको, बघू नका, त्यासाठी उलटी करावी लागेल.

आता तुमच्या मनात आलं असणार की मालक गेल्यावर ह्या बाईच्या डोक्यावर परिणाम झाला. तसं काही नाही, डोकं आधीपासनं असंच आहे. मालक कांदाबटाटा मार्केटला माथाडी होते, पोती उचलता उचलता गेले, त्याला सहा वर्षं झाली. पहिलं वर्षभर बिल्डिंगमधल्या बायकांनी मला भजनी मंडळात ओढायचा फार प्रयत्न केला. माझा आवाज ऐकल्यावर त्यांनीच सोडून दिला. मग डॉक्टर म्हणाले, शुगर आहे, रोज चाला. चालायचं तर इथं खाली गोल गोल चालणाऱ्या बायका आहेत, पण त्या पायांपेक्षा तोंडानंच जास्त चालतात. म्हणून मी आपली हायवे ओलांडून एमआयडीसीच्या मागं डोंगराकडं जायला लागले, जिथं खडीच्या खाणी आहेत. तिथं एक दिवस मुरमाच्या उतारावर मला बोटाएवढं गोल भोक दिसलं, आत पांढरं रेशमी अस्तर लावलेलं, एखाद्या हौशी शिंप्यानं शिवल्यासारखं. मी जागच्या जागी खाली बसले. अहो, ते भोक मी ओळखलं! आमच्या शाळेमागच्या बांधावर असली दहाबारा भोकं होती. मास्तर झोपले की आम्ही पोरी गवताची काडी घेऊन तिथंच असायचो. काडीला थुंकी लावायची, आत घालायची आणि हळूच फिरवायची, म्हणजे आतल्या बाईला वाटतं की जेवण आलं. ती वर येते. ती वर आली की मागनं खुरपं खुपसून बिळाची वाट बंद करायची, मग ती आत जाऊ शकत नाही. चाळीस वर्षांनी काडी हातात घेतली, पण विसरले नव्हते. शिरवणे गावची एक म्हातारी डोक्यावर लाकडाची मोळी घेऊन चालली होती, ती माझ्याजवळ येऊन उभी राहिली आणि म्हणाली, "गो बाय, सोना हाय का त्या भोकान?" मी म्हटलं, "हाय की मावशी, पण केसाळ हाय." ती मोळीसकट पळाली.

आणायची कशात, हा प्रश्न होता. कमरेला फक्त मिश्रीची डबी होती. मिश्री पदराच्या टोकाला बांधली, बाईला डबीत बसवलं आणि घरी आले. घरी येऊन चहा केला, टीव्ही लावला आणि तीस वर्षांच्या सवयीनं डबीत बोट घातलं. (तुम्ही कार्डात विचारलेलं नाही, पण आता विचारणार म्हणून सांगते: होय, चावते. गांधीलमाशीइतकं. बोट दोन दिवस ठणकलं, तिसऱ्या दिवशी मी त्याच बोटानं पुरणाचं पातेलं पुसून खाल्लं.) पण तेव्हापासनं मिश्री सुटली ती सुटलीच. माझ्या पोरानं, मानसिंगनं, शपथा घातल्या, डॉक्टरांनी फोटो दाखवले, तरी जी सुटली नव्हती ती एका बाईनं एका फटक्यात सोडवली. असल्या बाईला घराबाहेर काढायचं म्हणजे कृतघ्नपणा झाला, नाही का?

मग एकीच्या दोन झाल्या, दोनाच्या पाच. खाणवाले उतार कापत पुढं यायला लागले की मी त्यांच्या आधी जाऊन बिळं रिकामी करून घ्यायची. आशुतोष सर म्हणतात मी त्यांचा जीव वाचवते. मानसिंग म्हणतो मी त्याचा घेते. त्यांची सोय करणं काही अवघड नाही. डबीत पाऊण उंचीला मुरमाची माती, थोडा नारळाच्या काथ्याचा भुगा, हलकासा ओलावा, आणि अंगठ्यानं एक खड्डा करून द्यायचा. पुढचं घर ती स्वतः बांधते. खायला आठवड्याला एक झुरळ. त्या झुरळाचंच मात्र टेन्शन. आमच्या बिल्डिंगमध्ये झुरळांना तोटा नाही, पण ते जिवंत आणि औषध न मारलेलं पाहिजे. औषध प्यालेलं झुरळ खाल्लं की आमची बाई मरते. म्हणून सोसायटीनं पेस्ट कंट्रोलवाला बोलावला तेव्हा मी एकटीनं मीटिंगमध्ये विरोध केला. कारण विचारलं तर म्हटलं, जीवदया. नंदिनीबाईंच्या डोळ्यांत पाणी आलं. दुसऱ्या दिवशी मी त्यांच्याच मोरीतनं तीन झुरळं पकडून आणली.

एकदा फजिती झाली तीही सांगते, म्हणजे मी काही लपवलं असं व्हायला नको. दोन नंबरनं बिळाचं तोंड जाळं विणून बंद केलं, पंधरा दिवस खाणंपिणं बंद. मग एका सकाळी बघते तर बाई पाठीवर उताणी, पाय वर. मला इतकं वाईट वाटलं की त्या दिवशी मी दुपारपर्यंत जेवले नाही. मानसिंग म्हणाला फेकून दे, मी म्हटलं थांब जरा, माणसासारखं वाग, निदान दुपार तरी होऊ दे. आणि दुपारी जाऊन बघते तर डबीत दोघी! एक कडक, पोकळ, आणि एक नवीकोरी, लग्नातल्या शालूसारखी चमकणारी. कात टाकत होती हो ती! सापासारखी ह्यांची कात निघते, आठही पायांची मोजे काढल्यासारखी, जशीच्या तशी. तेव्हापासनं मी कुणाचीही कात टाकत नाही, एका चहाच्या डब्यात जपून ठेवते. त्याचा उपयोग पुढं कळेल.

आणि ह्यांची रीत ऐकली तर तुम्ही सुद्धा म्हणाल, पुढचा जन्म ह्यांच्यात मिळावा. मादी बारा-पंधरा वर्षं जगते. नर वयात आला की घरदार सोडून बाहेर पडतो आणि मादीच्या बिळाच्या तोंडाशी येऊन पुढच्या पायांनी थापा देतो, ठक ठक ठक. (आमचा मानसिंग तुमच्या घरी पोरगी बघायला आला तेव्हा पोह्याची बशी मांडीवर घेऊन गुडघा कसा हलवत होता, आठवतंय? तेच.) मादीला पसंत पडला तर ठीक, नाहीतर त्याचंच जेवण होतं. आणि पसंत पडला तरी पुढचा मोसम काही तो बघत नाही. सरांसाठी मी एक नर आणला होता, त्यानं सात नंबरच्या दाराशी थापा दिल्या, मान मिळाला, आणि महिन्याभरात आपल्या आपण गेला. म्हणजे आमच्या ह्या अकराच्या अकरा जणी विधवाच. पण एकीचंही काही अडत नाही. खातात, घर बांधतात, दरवर्षी नवा शालू नेसतात, आणि हळदीकुंकवाला पुढं कुणी बसायचं आणि आत कुणी, ही भानगडच नाही.

आता तुम्ही विचाराल की हे सगळं आमच्यापासनं लपवलं का. लपवलं कुठं? तुम्ही लग्नाआधी घर बघायला आलात तेव्हा टीव्हीच्या खालच्या कपाटाला टेकून चहा प्यालात. त्यात पाच होत्या. आणि आत्ता हळदीकुंकवाला आलात तेव्हा चार दिवस ज्या दिवाणावर झोपलात, त्याच्या खणात अकरा. तुमच्या अंगाखालीच होत्या. (त्या बिचाऱ्या चारही दिवस बिळाबाहेर आल्या नाहीत. सर म्हणतात त्यांना हादरे जाणवतात. मी तुमच्या घोरण्याबद्दल सरांना काही बोलले नाही.) प्राचीला लग्नाआधी मानसिंगनं सांगितलं होतं, आणि तुमची पोरगी वाघीण आहे. म्हणाली, आईंना आवडतं ना, मग असू देत, फक्त माझ्या माहेरी कळायला नको.

पण लग्नानंतर दोन महिन्यांनी एक गोष्ट घडली. चार नंबरच्या डबीचं झाकण सैल राहिलं आणि बाई फिरायला निघाली ती मानसिंगच्या बुटात जाऊन बसली. तो बूट घालून महाप्याला जायला कंपनीच्या बसमध्ये बसला. तुर्भ्याच्या जवळपास त्याला पायाला गुदगुल्या झाल्या, त्यानं बूट काढला, आणि मग जे झालं ते असं की बस रिकामी झाली. ड्रायव्हरसकट. मानसिंगनं तिला जेवणाच्या डब्यात घालून संध्याकाळी घरी आणली (भाजी फेकून दिली म्हणे, मला त्याचंच वाईट वाटलं), आणि दारातनंच म्हणाला, "आई, आता बास. एकतर ह्या राहतील नाहीतर मी." मी म्हटलं, "तुझं जेवण कमी लागतं का त्यांच्याहून?" तेव्हा प्राचीनं तोड काढली. ओरडली नाही, रडली नाही, तिनं वही काढली. प्रत्येक डबीला नंबर. दर रविवारी सकाळी मानसिंग हजेरी घेणार, बिळाच्या तोंडाशी ताजं जाळं किंवा पाय दिसला की हजर. आणि ज्या रविवारी एक जरी गैरहजर निघाली, त्या दिवशी सगळ्या डोंगरावर. मी कबूल झाले. पाटीवर एक ते अकरा लिहायला शिकलेली बाई मी, अकरा सांभाळणं काय अवघड आहे, असं म्हटलं.

आता हळदीकुंकवाचं ऐका. तुम्ही तिथंच होतात, पण पुढच्या खोलीत. आतलं तुम्हाला माहीत नाही. प्राचीनं वाणासाठी लाल झाकणाच्या तीन डझन प्लास्टिकच्या डब्या आणल्या होत्या. त्या इतक्या सुबक होत्या की मी आधीच त्यातल्या अकरा ढापून आमच्या बायकांना नव्या घरी हलवलं होतं. (प्राची दोनदा मोजून म्हणाली, दुकानदारानं फसवलं. मी म्हटलं, वाशीचे दुकानदार असलेच. मग रविवारच्या हजेरीला चोरी उघडी पडली, तरी मानसिंगनं नव्या डब्यांवर नंबर घालून दिले.) हळदीकुंकवाच्या दिवशी दिवाणावर सवाष्णी बसणार, कुणी लाडात येऊन खण उघडला तर नको, म्हणून मी सकाळीच डब्या स्वयंपाकघरात ओट्याखाली आणून ठेवल्या. शेजारी वाणाच्या डब्या, त्यात तिळगूळ भरलेला. दोन्हीकडं लाल झाकण. तुमची पोरगी काळ्या साडीत, तुम्ही आणलेले हलव्याचे दागिने घालून इतकी गोड दिसत होती की मीच दाराच्या फटीतनं बघत बसले. आणि बाहेरनं तिचा सारखा आवाज, आई, दोन डब्या द्या, आई, चार द्या. मी आतनं हात बाहेर काढून देत होते. तुम्ही सगळ्यात शेवटी घेतलंत. त्याच वेळी नंदिनीबाई वाकून आत बघायला आल्या, माझं लक्ष त्यांच्याकडं गेलं, हात खाली गेला, आणि वजन सारखंच लागलं. झालं एवढंच. घाई दुसरं काय.

तुम्ही गेल्यावर मी डब्या मोजल्या, तर दहाच. परवाच्या रविवारी हजेरी होती. मी एका रिकाम्या डबीत माती भरली, बुडाला सात आकडा काढला (मानसिंगचा सात जरा मागं झुकतो, मला तो काढायला चार कागद लागले), आणि चहाच्या डब्यातल्या कातीचे दोन पाय बिळाच्या तोंडाशी असे लावले की जणू बाई दारात उभी राहून रस्ता बघतेय. मानसिंग वाकला, भिवई उडवली, म्हणाला, "सात. हजर." आणि टिक केली. प्राची म्हणाली, "आज अगदी बाहेर बसलीय नाही?" मी म्हटलं, "थंडी आहे, ऊन खातेय." पण दर रविवारी कोण ऊन खाणार? दोन तारखेला परत हजेरी आहे. त्याला संशय आला तर माझ्या दहाही जणी गेल्या. पाच वर्षांची मेहनत आहे हो उज्वलाताई. माणसं घरात असतात, पण सगळी आपापल्या कामाला जातात. दुपारी बारा ते पाच ह्याच माझ्या सोबतीला असतात, आणि एक अक्षर उलट बोलत नाहीत.

म्हणून विनंती अशी. आमच्या गावचा किसन आल्याची पोती घेऊन टेम्पोनं वाशीच्या मार्केटला येतो. शनिवारी तो कराडवरनंच निघतो. त्याच्याकडं डबी द्या, वरनं फडकं बांधून, आणि आत काय विचारलं तर कुंकू आहे म्हणा, म्हणजे जपून आणेल. आणि प्राचीला ह्यातलं एक अक्षर कळू देऊ नका. तुमच्या पोटात गोष्ट राहत नाही हे मला माहीत आहे (प्राचीच्या मावशीचं दागिन्यांचं प्रकरण तुम्हीच मला दुसऱ्या भेटीत सांगितलंत), पण एवढी ठेवा. माझं घर तुमच्या फडताळात आहे असं समजा.

कळावे. लोभ आहे तो वाढवा, कमी असेल तर कळवा.

तुमची विहीण,
राजाबाई

ता. क. किसनला समजा एखादा दिवस उशीर झाला, तर घाबरायचं कारण नाही. झाकणाच्या भोकातनं चमचाभर पाणी थेंब थेंब सोडा. उपाशी तर ती महिनाभर सहज राहते.

ता. क. २. आणि समजा महिन्याहून उशीर झाला, तर झाकण जरासं तिरकं करून एक झुरळ आत सोडायचं आणि पटकन बंद. तुमच्या न्हाणीघरात आहेत, मी लग्नात बघितलीत, चांगली पोसलेली. मोठं देऊ नका, मध्यम द्या. पोट टम्म दिसलं तर बाळगून असेल. सर म्हणतात उन्हाळ्यात अंड्यांची पिशवी करील. पिल्लं फार होत नाहीत, चाळीस-पन्नास. आणि राग मानू नका, पण अकरा जणींत नाव फक्त हिलाच ठेवलंय, उज्वला. कात टाकली की सगळ्यात गोरी हीच निघते, आणि कुणी कितीही डिवचलं तरी चावायच्या आधी चार वेळा विचार करते.

ता. क. ३. प्राचीला दिवस गेलेत. दोन महिने झाले. ती तुम्हाला रविवारी शेजारच्या फोनवर स्वतः सांगणार आहे, तेव्हा पहिल्यांदाच ऐकताय असा आवाज काढा. भोगीच्या दिवशीच कळलं (दोन महिने भरेपर्यंत माहेरी सांगायचं नाही म्हणून तुमच्यासमोर तिनं विषय काढला नाही), आणि त्याच दिवशी मानसिंग मला समोर बसवून म्हणाला, "आई, आता नुसत्या हजेरीवर भागायचं नाही. पाडव्याच्या आत सगळ्या जाणार. घरात बाळ येतंय." पहिल्यांदाच तो माझ्याशी चेष्टा न करता बोलला, म्हणून मीही केली नाही. बरोबर आहे त्याचं. दहा जणी सरांच्या कॉलेजात जाताहेत, काचेच्या पेट्या मिळणार आहेत त्यांना. तेव्हा वर जे दोन तारखेच्या हजेरीचं लिहिलंय त्याचं टेन्शन घेऊ नका. हजेरी परवाच्या रविवारी शेवटची झाली, मानसिंगनं वही मिटून मला दिली.

ता. क. ४. जागा संपली, कडेनं लिहितेय, कागद फिरवून वाचा. त्या दिवशी सगळ्या पुढं बसल्या होत्या, तेव्हा तुम्ही एकट्या उठून आत आलात, माझ्याशेजारी फरशीवर बसलात आणि विचारलंत, "तुमची डबी कुठाय?" मी म्हटलं, मला शुगर आहे. तुम्ही हसला नाहीत. बाहेर गेलात. मग मी तुमच्या पिशवीतनं तुमची डबी काढून घेतली आणि तिच्या जागी सात नंबर ठेवली, साडीच्या घडीत, दोन्ही हातांनी. चुकून नाही, विहीणबाई. मुद्दाम. किसन येणार नाही, त्याला मी काही सांगितलेलंच नाही. तुमचा तिळगूळ मी खाल्ला.